कौशल्याचा दाखला, तोट्याचा हिशेब

२० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने आणि २१ ऑगस्टला राज्यसभेने ऑनलाइन गेमिंगचे विधेयक मंजूर केले. २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, देशभर बंद करणारा हा कायदा तीन दिवसांत झाला. ड्रीम इलेव्हन आणि माय इलेव्हन सर्कल या फँटसी क्रिकेटच्या बड्या कंपन्यांनी पैशाच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. सप्टेंबरातल्या आशिया चषकात भारतीय संघ छातीवर प्रायोजकाचे नाव न लावता उतरला. नाशिक जिल्ह्यात या विषयाला महिनाभर आधीच तोंड फुटले होते. सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसलेले असताना त्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ उघडलेला दिसतो, अशी चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी २० जुलैला प्रसिद्ध केली. आपण रमी खेळत नव्हतो, पडद्यावर आलेली जाहिरात बंद करत होतो, असे कोकाटे यांनी सांगितले. ३१ जुलैला त्यांच्याकडचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. कांदा आणि द्राक्षांच्या भावाने गांजलेल्या जिल्ह्यात संताप होणे स्वाभाविक होते, पण सगळी चर्चा एका माणसाभोवती फिरली. पैसे लावून खेळायची रमी आणि फँटसी क्रिकेट महाराष्ट्रात उजळ माथ्याने कशी चालू शकत होती, हा मोठा प्रश्न बाजूला राहिला. त्याचे उत्तर १३८ वर्षांच्या इतिहासात आहे. तो इतिहास नीट पाहिला तर दिसते ते असे : जुगाराच्या आपल्या कायद्याने सुरुवातीला योग्य प्रश्न विचारला होता, की या खेळातून नफा कोण काढतो. पुढे हा प्रश्न मागे पडत गेला आणि ‘कौशल्य की नशीब’ हा दुसराच प्रश्न पुढे आला. त्या अदलाबदलीची किंमत सामान्य घरांनी मोजली.

मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. नाशिक जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता आणि महाराष्ट्रात आजही तोच कायदा लागू आहे. त्याचा रोख अड्ड्यावर होता. ज्या घरात, खोलीत किंवा जागेत जुगाराचे साहित्य मालकाच्या किंवा चालकाच्या फायद्यासाठी ठेवले जाते, ती जागा म्हणजे जुगाराचा अड्डा, अशी त्याची मूळ कल्पना. चार शेजारी ओसरीवर पत्ते कुटत बसले तर सरकारला त्याचे काही नव्हते. तीच ओसरी भाड्याने देऊन कुणी दर डावामागे आपला हिस्सा काढू लागला, की कायदा दारात उभा राहणार होता. याच कायद्यात कलम १३ आले : निव्वळ कौशल्याच्या खेळाला, तो कुठेही खेळला गेला तरी, हा कायदा लागू नाही. बुद्धिबळ किंवा बिलियर्ड खेळणाऱ्या माणसाला पोलिसांनी त्रास देऊ नये, एवढाच या सवलतीचा माफक हेतू दिसतो. पण धंदा कायद्याच्या नेहमी एक पाऊल पुढे असतो, हे दोन-तीन वर्षांतच दिसले. मुंबईत पावसाळ्यात पायधुणीच्या परिसरात ‘बरसात का सट्टा’ चाले. ठरावीक वेळात इतका पाऊस पडेल का, की छपराची पन्हाळ वाहू लागेल, यावर पैजा लागत. तिथे फासे नव्हते आणि पत्तेही नव्हते. १८८७च्या व्याख्येत आभाळ बसत नव्हते. म्हणून १८९० मध्ये कायदा दुरुस्त करून पावसावरची पैजही जुगारात घालावी लागली. इलाख्याच्या सरकारने त्या वेळी ढगांचा अंदाज बांधायला कौशल्य लागते की नाही, याची चौकशी करत बसण्यापेक्षा बाजार उभा राहिला आहे आणि लोक नागवले जात आहेत, एवढे ओळखले. हा समंजसपणा पुढच्या शतकात टिकला नाही.

स्वातंत्र्यानंतर वाद आला तो शब्दकोड्यांच्या वाटेने. बंगळूरहून निघणाऱ्या ‘द स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बक्षिसी कोड्यांच्या स्पर्धा चालत आणि मुंबई राज्यातले हजारो वाचक फी भरून उत्तरे पाठवत. वरकरणी कोडे भाषेचे होते, पण एकाच जागी दोन-तीन शब्द सारखेच बसत आणि त्यातला कोणता ‘बरोबर’ हे संयोजकांनी आधी मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तरावर अवलंबून असे. मुंबई राज्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर लावणारा १९४८चा कायदा १९५२ मध्ये सुधारून बाहेरच्या राज्यांत छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांनाही लागू केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल देताना ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतातल्या द्यूतापर्यंतचे दाखले दिले आणि सांगितले, की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे घटनेने दिलेले व्यवसायस्वातंत्र्य त्याला मिळत नाही. राज्य जिंकले. मात्र त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने रेघही आखून दिली : ज्या स्पर्धेतले यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे, ती जुगारात मोडत नाही आणि तिला व्यवसायाचे संरक्षण आहे. १८८७ मध्ये फक्त पोलिसांच्या धाडीपासून बचाव म्हणून असलेली सवलत आता मूलभूत हक्काच्या पातळीवर जाऊन बसली. पुढे ज्याला पैशाच्या खेळाचा धंदा करायचा, त्याला एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की आपल्या खेळात डोके लागते.

त्याच काळात महाराष्ट्रात वाढत होता मटका, आणि त्यात डोके लागते असा दावा कुणीही केला नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत आधी सट्टा लागे. ती सोय साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. पद्धत साधी होती. पत्त्यांतून तीन पाने काढायची. समजा १, ४ आणि ७ आली. बेरीज १२, तिचा शेवटचा अंक २, हा ‘ओपन’चा आकडा. रात्री उशिरा पुन्हा तीन पाने निघत, तो ‘क्लोज’. दोन्ही मिळून जोडी. मुंबईत निघालेला आकडा टेलिफोनवरून जिल्ह्याजिल्ह्यांत पोचे. गिरणगावापासून नाशिकसारख्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पानटपरीच्या आडोशाला चिठ्ठ्या फाडल्या जात. एका आकड्यावर लावलेल्या रुपयाला नऊ रुपये मिळत. दहातला एक आकडा लागणार आणि मिळणार नऊ पट, म्हणजे शंभर रुपयांतले दहा मटकेवाल्याचे. हे दहा टक्के लक्षात ठेवायला हवेत, कारण पुढे ते लागणार आहेत. मटक्याला शह द्यावा आणि लोकांचा पैसा विकासाच्या कामी यावा, म्हणून राज्याने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली. मटका काही त्याने थांबला नाही. १९८२चा गिरणी संप आणि नव्वदच्या दशकातल्या पोलिसी कारवाया यांनी त्याचा जोर ओसरला, पण चिठ्ठ्या आजही फाडल्या जातात. मटक्याबद्दल समाजाच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की राहिली : हा जुगार आहे आणि तो चालवणारा माणूस लपून राहतो. या लाजेनेही पुष्कळ घरे वाचवली.

कौशल्याच्या वाटेवरचा पुढचा टप्पा रमीचा. सिकंदराबादच्या एका क्लबातल्या खटल्यात, १९६८चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला : कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, हातातली पाने राखावी आणि टाकावी लागतात. या निकालाचे हे एकच वाक्य पुढे पन्नास वर्षे वकिलांनी वाचून दाखवले. त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. क्लबचा किंवा जागेचा मालक पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून नफा काढत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते. या क्लबात खेळणाऱ्यांकडून घेतलेली रक्कम जागा आणि सोयींसाठी होती, म्हणून क्लब सुटला. म्हणजे १८८७च्या कायद्याचा मूळ प्रश्न तेव्हाच्या न्यायमूर्तींच्या नजरेसमोर होता. खेळ कौशल्याचा असला तरी अड्डेवाल्याचा नफा ही वेगळी बाब आहे, हे त्यांनी जाणले होते. १९९६ मध्ये मद्रास रेस क्लबच्या खटल्यात घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरल्या. तोवर नफ्याचा मुद्दा मागे पडून कौशल्याचा दाखला तेवढा पुढे आला होता.

फँटसी क्रीडाप्रकाराचा जन्म याच्याशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी झाला. १९८० मध्ये न्यूयॉर्कमधले लेखक-संपादक डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी ‘ला रोटिसेरी फ्रान्सेज’ या उपाहारगृहात जमून बेसबॉलच्या खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ बांधले आणि अख्ख्या हंगामातल्या कामगिरीवर गुण मोजले. आपल्याकडे शतकाच्या वळणावर ईएसपीएन-स्टारच्या ‘सुपर सिलेक्टर’ने ही कल्पना क्रिकेटवेड्या पोरांपर्यंत आणली. त्यात पैसे लावायचे नव्हते. मित्रांत मिरवणे हेच बक्षीस. २००८ मध्ये, आयपीएल सुरू झाली त्याच वर्षी, मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी ड्रीम इलेव्हन काढली. २०१२ च्या सुमारास कंपनीने प्रवेशशुल्क आणि रोख बक्षिसांची एका सामन्याची स्पर्धा हे रूप घेतले, आणि खेळाचा स्वभावच बदलला. अख्ख्या हंगामाचा संयम एका संध्याकाळवर आला. स्वस्त डेटा आणि यूपीआय आल्यावर प्रवेशशुल्क भरणे चहाचे पैसे देण्याइतके सोपे झाले. २०१९ मध्ये कंपनीचे मूल्य १ अब्ज डॉलरच्या वर गेले. २०२० मध्ये तिने २२२ कोटी रुपयांत आयपीएलचे शीर्षक प्रायोजकत्व घेतले, २०२३ मध्ये ३५८ कोटींत तीन वर्षांसाठी भारतीय संघाची जर्सी घेतली. २०२२-२३ या वर्षात तिचे उत्पन्न ६,३८४ कोटी रुपये होते.

हा खेळ जवळून पाहायला हवा, कारण कौशल्याचा युक्तिवाद तिथेच उभा आहे. खेळणाऱ्याला १०० क्रेडिट मिळत. प्रत्येक खेळाडूला क्रेडिटमध्ये किंमत असे, त्यामुळे सगळे बडे खेळाडू एकाच संघात घेता येत नसत. यष्टिरक्षक, फलंदाज, अष्टपैलू, गोलंदाज असे अकरा जण निवडायचे. त्यातला एक कर्णधार, त्याचे गुण दुप्पट. एक उपकर्णधार, त्याचे दीडपट. नाणेफेकीनंतर अंतिम अकरा जाहीर होत आणि पहिला चेंडू पडेपर्यंतच्या अर्ध्या तासात लाखो लोक एकाच वेळी संघ बदलत असत. खेळपट्टी, दव, डावखुऱ्या फलंदाजापुढे ऑफस्पिनर कसा चालतो, याचा अभ्यास ज्याला असे त्याला फायदा होई, यात शंका नाही. स्पर्धा फक्त भारतीय संघाच्या सामन्यांपुरती नव्हती. आयपीएलचे ७४ सामने संपत तोवर राज्याराज्यांच्या लीग सुरू होत. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि तीत राहुल त्रिपाठी असलेला ईगल नाशिक टायटन्स हा संघ उतरला. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर घाम गाळणाऱ्या तरुण खेळाडूंना अशा लीगमुळे मोठे मैदान मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण फँटसीच्या धंद्याला अशा लीगमधून रोज नवा सामना हवा होता. ज्या खेळाडूंची आकडेवारीही धड कुठे मिळत नाही, अशा दूरदेशीच्या लीगवरही लोक अकरा नावे निवडून पैसे लावत होते. तिथे अभ्यास कुठला आणि अंदाज कुठला, याचा कौशल्याच्या दाव्यात विचारच नव्हता.

न्यायालयांनी मात्र दावा मान्य केला. ड्रीम इलेव्हनवर पैसे गमावलेल्या एका खेळाडूच्या याचिकेवर २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने फँटसी हा कौशल्याचा खेळ ठरवला. ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तेच म्हटले. २०२० मध्ये राजस्थान उच्च न्यायालय त्याच वाटेने गेले. खेळणाऱ्याने जमा केलेली रक्कम वेगळ्या खात्यात राहते, तिच्यावर कंपनीचा हक्क नाही, कंपनी फक्त आपले शुल्क घेते, अशी मांडणी होती. पैशाच्या साधारण १५ ते २० टक्क्यांपर्यंत जाणारे हे शुल्क सेवेचा मोबदला मानले गेले. इथेच १९६८च्या निकालातली अट हरवली. क्लबवाला पत्त्यांच्या टेबलावरून दर डावाला पाचवा हिस्सा उचलत असता, तर त्या न्यायमूर्तींनी त्याला सोडले असते का? तोच पाचवा हिस्सा मोबाइलवरून, दर सामन्याला, कोट्यवधी लोकांकडून उचलला गेला, तेव्हा त्याला सेवाशुल्क हे नाव मिळाले. खेळात कौशल्य आहे की नाही याचे उत्तर न्यायालयांनी चुकीचे दिले असे मी म्हणत नाही. त्या उत्तराने प्रश्न संपत नव्हता, हे माझे म्हणणे आहे.

मटक्याचे दहा टक्के इथे कामी येतात. एखाद्या गटाने मिळून १०० रुपये लावले, जिंकलेले सगळे पुन्हा लावले आणि असे दहा वेळा केले, तर मटक्यात गटाकडे सुमारे ३५ रुपये उरतात. २० टक्के शुल्काच्या फँटसी स्पर्धेत तेवढ्याच दहा फेऱ्यांनंतर ११ रुपयेही उरत नाहीत. शुल्क १५ टक्के धरले तरी २० रुपयांच्या आतच. गटात कोण हुशार आणि कोण अडाणी, याने या बेरजेत तसूभरही फरक पडत नाही. हुशारीने एवढेच ठरते, की उरलेले थोडके रुपये कुणाच्या खिशात जातील. अमेरिकेत २०१५ मध्ये मॅकिन्झीच्या अभ्यासकांनी बेसबॉलच्या रोजच्या फँटसी स्पर्धांचा हिशेब मांडला. खेळाडूंनी कमावलेल्या नफ्यापैकी ९१ टक्के नफा अवघ्या १.३ टक्के लोकांकडे गेला होता. संगणकाच्या आधाराने शेकडो संघ उतरवणारे मूठभर जाणकार जिंकत होते आणि हौशी लोक त्यांचा खर्च भरत होते. कंपन्यांचा युक्तिवाद याने खोटा ठरत नाही. उलट तो खरा ठरतो, आणि तेच अधिक गंभीर आहे. लॉटरीत निदान प्रत्येक तिकिटाची संधी सारखी असते. कौशल्याच्या मोठ्या बाजारात हौशी माणूस सुरुवातीलाच मागे असतो आणि त्याला ते कुणी सांगत नाही. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य त्याला सावध करण्याऐवजी धीर देते : आज हरलो, कारण अभ्यास कमी पडला, उद्या अधिक अभ्यास करून भरून काढू.

या काळात महाराष्ट्र सरकारने काय केले? जुगार आणि पैज हा घटनेने राज्याच्या यादीत घातलेला विषय आहे. तेलंगणाने २०१७ मध्ये आणि आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये आपले कायदे बदलून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. कर्नाटक आणि तामिळनाडूनेही प्रयत्न केले. न्यायालयात ते अडले, पण ती सरकारे निदान लढली. महाराष्ट्रात १८८७चा कायदा कलम १३ सकट तसाच राहिला. फँटसी व्यवसायातली सर्वांत मोठी कंपनी मुंबईची, जाहिरातींचा बाजार मुंबईचा, क्रिकेटचे तारे इथले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलिस उपनिरीक्षकाने ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी रुपये जिंकल्याची बातमी आली आणि त्याला निलंबित करण्यात आले. जो खेळ राज्याच्या कायद्याने जुगार नव्हता, तो राज्याच्या पोलिसाला मात्र शोभत नव्हता. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस आमदार बच्चू कडू यांनी ऑनलाइन गेमिंगच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकरच्या वांद्र्यातल्या घराबाहेर आंदोलन केले. समाजाला अस्वस्थता जाणवत होती. कायदा मात्र हलला नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि त्यातला वाटा राज्यांनाही मिळू लागला. तोटा घराघरांत विखुरलेला होता, उत्पन्न मात्र एका जागी मोजता येत होते. सरकारचे लक्ष कुठे राहिले, हे त्यावरून समजते.

२०२५ च्या कायद्यावर गंभीर आक्षेप आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा : सज्ञान माणसाने आपले पैसे कसे खर्च करावेत हे सरकारने का ठरवावे? हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच हा कायदा खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही, ही त्यातली जमेची बाजू आहे. पैशाचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाख, खेळणारा मोकळा. १८८७चा अड्ड्याचा विचार इथे परत आला. दुसरा आक्षेप दुटप्पीपणाचा : महालक्ष्मीला घोडे धावतात, राज्याची लॉटरी आहे, शेअर बाजारात वायदे चालतात, मग फँटसीवरच राग का? यातला लॉटरी आणि शर्यतींचा मुद्दा मान्य करायलाच हवा. जुनी विसंगती आहे, पण जुन्या विसंगतीवरून नवी विसंगती रास्त ठरत नाही. शेअर बाजाराची तुलना मात्र उलट बाजूने बोलते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला : वायदे-पर्यायांत उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तिथे निदान तोटा मोजणारी यंत्रणा आहे आणि मोजून झाल्यावर नियम कडक होतात. फँटसी कंपन्यांवर असा हिशेब देण्याचे बंधन कधीच नव्हते. दरवर्षी ४५ कोटी लोक पैशाच्या ऑनलाइन खेळांत मिळून २० हजार कोटी रुपये गमावतात, हा केंद्र सरकारचा अंदाजच आहे. कंपन्यांकडे खरे आकडे होते आणि ते बाहेर आले नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : बंदीने धंदा थांबत नाही, तो परदेशी बेकायदा ॲपकडे जातो. महादेव ॲपच्या प्रकरणाने दाखवले, की दुबईत बसून भारतात सट्टा चालवता येतो. मटक्याचा इतिहासही हेच सांगतो, की बंदीने खेळ समूळ जात नाही. पण तोच इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. मटका कधी भारतीय संघाच्या जर्सीवर आला नाही. कुठल्या कर्णधाराने त्याची जाहिरात केली नाही, आणि शाळकरी मुलाने सामन्याच्या मध्यंतरात त्याचे नाव ऐकले नाही. चोरून चालणाऱ्या धंद्याची पोच आणि उघड, प्रतिष्ठित धंद्याची पोच यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बेकायदा ॲपशी लढाई बँक आणि यूपीआयच्या पातळीवर लढावी लागेल, आणि ती ढिलाईने लढली गेली तर या आक्षेपातले भय खरे ठरेल, हेही तितकेच खरे. चौथा आक्षेप रोजगाराचा. कायदा येताना उद्योगाच्या संघटनांनी केंद्राला लिहिले, की ४०० कंपन्या बंद पडतील आणि २ लाख नोकऱ्या जातील. नोकरी गेलेल्या तरुणाचे दुःख खरे आहे आणि तीन दिवसांत कायदा करून त्याला सावरायला वेळ न देणे ही सरकारची चूकच आहे. मात्र ज्या व्यवसायाचे उत्पन्नच दुसऱ्यांच्या हरण्यावर उभे आहे, त्यातला रोजगार मोजताना त्या हरण्याची रक्कमही त्याच कागदावर मांडायला हवी.

नव्या कायद्यातही दोष आहेत. संसदेत त्यावर धड चर्चा झाली नाही. रमीचे टेबल, कोट्यवधींचे फँटसी आणि मित्रांत चालणारी छोटी स्पर्धा यांत त्याने फारसा फरक केला नाही. कौशल्याच्या खेळाला १९५७ पासून मिळालेले घटनात्मक संरक्षण त्याला ओलांडावे लागेल, म्हणून त्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे वर्ग करून घेतल्या. तिथे निकाल कोणत्याही बाजूने लागू शकतो, आणि तो कंपन्यांच्या बाजूने लागला तर महाराष्ट्र पुन्हा १८८७च्या कलम १३ पाशी येऊन उभा राहील. म्हणून राज्याच्या विधिमंडळाने केंद्राच्या भरवशावर हात जोडून बसू नये. कलम १३ ची सवलत फक्त अशाच खेळाला राहील जिथे चालक लावलेल्या पैशातून हिस्सा काढत नाही, एवढी दुरुस्ती करणे राज्याच्या हातात आहे. शर्यती असोत, लॉटरी असो वा उद्या पुन्हा परवानगी मिळालेले फँटसी, परवाना मागणाऱ्याने किती लोक किती हरले याचा वार्षिक हिशेब जाहीर केलाच पाहिजे, हे बंधनही घालता येईल. जुलै २०२५ मध्ये नाशिक जिल्ह्याने आपल्या एका आमदाराच्या मोबाइलकडे बोट दाखवले. जिल्ह्याला विधानसभेत १५ आमदार आहेत. पुढच्या अधिवेशनाआधी मतदारांनी त्या पंधराही जणांना विचारावे, की १३८ वर्षांच्या या कलमाबद्दल तुम्ही सभागृहात काय मांडणार आहात.